सगळं ठाऊक आहे, तरी दोन झेरॉक्स जोडा

मार्च २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयात आधारच्या वैधतेवर युक्तिवाद चालले होते. शंभर कोटींहून जास्त माणसांच्या बोटांचे ठसे आणि डोळ्यांची बुबुळं सरकारने गोळा केली, ती सुरक्षित आहेत कशावरून, असा सवाल होता. तत्कालीन ॲटर्नी जनरल के. के. वेणुगोपाल यांनी न्यायालयाला निश्चिंत केलं. हा सगळा साठा म्हणे १३ फूट उंच आणि ५ फूट जाड भिंतीआड ठेवलेला आहे.

महाराष्ट्रातल्या माणसाला भिंतीच्या मापांचं फारसं अप्रूप नसतं. पावसाळ्यातले निम्मे रविवार तो कुठल्या तरी तटबंदीवर बसून कांदाभजी खाण्यात घालवतो, आणि किल्ले कसे पडतात हे त्याला चौथीच्या इतिहासापासून पाठ असतं. तट कितीही जाड असला, तरी आतल्या कुणीतरी रात्री दिंडी दरवाजाची कडी काढली की खेळ खलास. शिवाय भिंतींना कान असतात. ५ फूट जाडीच्या भिंतीचे केवढे असतील!

कडी काढणारे नव्हते असंही नाही. भिंतीचं माप कोर्टात सांगितलं जाण्याच्या दोनच महिने आधी, जानेवारी २०१८ मध्ये, चंदीगडच्या ‘द ट्रिब्यून’ने बातमी छापली होती. व्हॉट्सॲपवर भेटलेल्या दलालाला ५०० रुपये दिले आणि दहा मिनिटांत लॉगिन-पासवर्ड हातात पडला. कुणाचाही आधार क्रमांक टाका आणि नाव, पत्ता, फोटो, मोबाइल पाहा. आणखी ३०० रुपये दिले तर कार्ड छापून घ्यायचीही सोय. आधार चालवणाऱ्या प्राधिकरणाने तातडीने दोन गोष्टी केल्या. डेटा फुटलेला नाही असं सांगितलं, आणि पोलिसांत तक्रार दिली. त्या तक्रारीत बातमी देणाऱ्या पत्रकाराचंही नाव होतं. दरवाजा उघडा आहे म्हणून ओरडणाऱ्यालाच आधी धरायचं, ही आपल्याकडची जुनी पद्धत आहे.

तरी भिंत जागेवर आहे असंच धरून चालू. अडचण एवढीच की भिंतीआड जे ठेवलंय, ते भिंतीबाहेर झेरॉक्सच्या दुकानात दोन रुपयांना मिळतं.

कुठल्याही तहसील कचेरीसमोर उभं राहावं. पत्र्याची टपरी, आत घामेजलेला पोरगा आणि त्याहून तापलेलं मशीन. ‘आधार मागं-पुढं, तीन कॉप्या’ एवढंच सांगायचं. पोरगा न बघता कार्ड काचेवर ठेवतो, प्रकाशाची पट्टी सरकते, तो कार्ड उलटतो, पुन्हा पट्टी सरकते. पहिली कॉपी हमखास तिरकी येते. ती काउंटरखालच्या खोक्यात जाते, जिथे तालुक्यातली निम्मी प्रजा जन्मतारखेसह आधीच पडलेली असते. मग पोरगा त्याच खोक्यातला एक कागद उपसतो आणि त्याच्या कोऱ्या बाजूवर हिशोब मांडतो. तीन कॉप्या, एक फॉर्म, एक लॅमिनेशन. ‘सुट्टे द्या.’ हिशोबाचा कागद गिऱ्हाइकाच्या हातात येतो. उलटून पाहिलं तर मागे शेजारच्या गावातल्या एका बाईंचा फोटो, पत्ता आणि बारा आकडे. बाई फोटोत दचकलेल्या दिसतात. आधारच्या फोटोत सगळेच तसे दिसतात, आणि याहून रास्त चेहरा त्या प्रसंगाला कुठला शोभला असता?

या झेरॉक्सप्रकरणी सरकारला एकदा जागही आली होती. २७ मे २०२२ रोजी प्राधिकरणाच्या बंगळुरूच्या कार्यालयाने इशारा काढला. आधारची झेरॉक्स कुणाला देऊ नका, गैरवापर होऊ शकतो. परवाना नसलेल्या हॉटेलांना आणि चित्रपटगृहांना ती मागायचा अधिकारच नाही. द्यायचीच तर शेवटचे चार आकडे सोडून बाकीचे झाकलेली प्रत द्या. देशभर एकदम धस्स झालं. आजवर दिलेल्या झेरॉक्स आठवू लागल्यावर लोकांना आपला सगळा जीवनपट आठवला. गॅस, सिमकार्ड, लग्नाचा हॉल, शिर्डीची लॉज, मुलाचा शाळाप्रवेश, जिम (तीन दिवस गेलेली). दोन दिवसांनी केंद्राच्या माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाने इशारा मागे घेतला. त्यातून गैरसमज होण्याची शक्यता आहे, लोकांनी नेहमीची सावधगिरी बाळगली म्हणजे झालं, असा खुलासा आला. नेहमीची सावधगिरी म्हणजे झेरॉक्सवर आडवी रेघ मारून सही करणे. झाकलेल्या आकड्यांची प्रत घेऊन कुणी लॉजवर गेलंच, तर काउंटरवरचे मॅनेजर चष्मा वर करून म्हणतात, ‘हे फुल्याफुल्यांचं चालत नाही साहेब, ओरिजिनल दाखवा.’

सावधगिरीचा सरकारी नमुना मात्र निराळा निघाला. जुलै २०१८ मध्ये दूरसंचार नियामक प्राधिकरणाचे (ट्रायचे) तेव्हाचे अध्यक्ष आर. एस. शर्मा यांनी आपला आधार क्रमांक ट्विटरवर जाहीर टाकला आणि आव्हान दिलं की घ्या, करा काय नुकसान करायचं ते. शर्मा एकेकाळी आधार प्राधिकरणाचेच प्रमुख अधिकारी होते. काही तासांत लोकांनी त्यांचा मोबाइल नंबर, पत्ता, जन्मतारीख, पॅन असं एकेक मांडायला सुरुवात केली. कुणी त्यांच्या खात्यात एक रुपया जमाही करून दाखवला. शर्मांचं म्हणणं, ही माहिती आधीपासूनच सगळीकडे उपलब्ध होती, माझं नुकसान काही झालेलं नाही. हे म्हणणं खरं असेल तर अधिकच काळजी वाटायला हवी. लगोलग आधार प्राधिकरणाने जनतेला सूचना केली की आपला आधार क्रमांक असा चारचौघांत जाहीर करू नये.

या सगळ्याचा नारळ महाराष्ट्रातच फुटला. २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते देशातलं पहिलं आधार दिलं गेलं. ज्याला कुणी ओळखत नाही त्याला सरकारने ओळखावं, हा मूळ हेतू, आणि तो वाईट नव्हता. पुढे झालं असं की सरकार ओळखू लागलं ते यंत्राच्या तोंडून. जन्मभर निंदणी-खुरपणी केलेल्या म्हातारीच्या बोटांवरच्या रेषा झिजून जातात. रेशन दुकानात ती अंगठा ठेवते, पुसते, पदराला घासते, पुन्हा ठेवते. ‘आजी, अंगठा उठत नाही.’ दुकानदार तिला पन्नास वर्षं ओळखतो, रांगेतली सगळी तिला ओळखतात, फक्त यंत्र म्हणतं ही ती नव्हे.

तेच सरकार दाढीमिशा ओळखायला चुकतं. ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजनेत दरमहा १,५०० रुपये थेट खात्यात जाऊ लागले ते २०२४ पासून. आधार जोडलेलं खातं, ऑनलाइन अर्ज, छाननी, सगळं यथासांग. २०२५ मध्ये छाननीची छाननी झाली तेव्हा १४ हजारांवर पुरुष बहिणी म्हणून पैसे उचलत असल्याचं निघालं. शिवाय दोन हजारांवर सरकारी कर्मचारीही यादीत सापडले. म्हणजे ज्यांना सरकार दर महिन्याला पगार देतं, तीही माणसं सरकारला ओळखू आली नव्हती. उपाय म्हणून सप्टेंबर २०२५ पासून सगळ्याच बहिणींना ई-केवायसी सक्तीची झाली. त्यात नवऱ्याच्या किंवा वडिलांच्या आधारवर ओटीपी जाणार. नवरा वारला, वडीलही वारले, अशा बाईने तो ओटीपी कुठून आणायचा? पोर्टलच्या लक्षात हा प्रश्न आला नव्हता. बायका ओरडल्या तेव्हा आला, मग मुदत वाढली आणि कागदपत्रं चालतील असं ठरलं.

पाळत ही काही यंत्रांची मिरास नाही. पूर्वी ती माणसं ठेवत आणि तिला थोडा घरगुती ओलावा असे. नेताजी सुभाषचंद्र बोस यांच्या कलकत्त्यातल्या कुटुंबीयांवर गुप्तचर खात्याने स्वातंत्र्यानंतर, १९४८ ते १९६८ अशी वीस वर्षं नजर ठेवली. २०१५ मध्ये खुल्या झालेल्या कागदपत्रांतून ते बाहेर आलं. घरी येणारी पत्रं उघडायची, नकलून घ्यायची, पुन्हा चिकटवून वाटेला लावायची. पुढे १९८६ मध्ये संसदेने टपाल फोडण्याचे अधिकार आणखी सैल करणारं विधेयक मंजूर केलं. राष्ट्रपती झैलसिंग यांनी त्यावर सही केली नाही आणि ते परतही पाठवलं नाही. नुसतं ठेवून दिलं. सरकारी दप्तरात कागद पडून राहिल्याने नागरिकाचं भलं झाल्याची ही दुर्मीळ नोंद.

पाळतीवरून सरकारच गडगडल्याचीही गोष्ट आहे, आणि तिच्यात एकही यंत्र नाही. मार्च १९९१ च्या सुरुवातीला दिल्लीत राजीव गांधींच्या बंगल्याबाहेर हरियाणा पोलिसांचे दोन साधे हवालदार घुटमळताना सापडले. चंद्रशेखर यांचं सरकार तेव्हा काँग्रेसच्या बाहेरच्या पाठिंब्यावर उभं होतं. ‘आमच्या नेत्यावर पाळत?’ म्हणत काँग्रेसने संसदेत आकांत मांडला आणि कामकाजावर बहिष्कार टाकला. ६ मार्चला चंद्रशेखरांनी राजीनामा दिला. त्या दोघांनी नेमकं काय टिपलं हे आज कुणाला आठवत नाही. पण पाळत ठेवताना निदान दिसू तरी नये, हा धडा तमाम खात्यांनी तेव्हा घेतला असावा. कारण त्यानंतर पाळत दिसेनाशी झाली, कमी झाली नाही.

फोनचं प्रकरण तर १८८५ च्या टेलिग्राफ कायद्यापासूनचं. भारतात तेव्हा टेलिफोन जेमतेम पोचले होते, ऐकण्याची कायदेशीर सोय मात्र झाली. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बजावलं की फोन असे उगाच ऐकायचे नाहीत, गृहसचिवाच्या दर्जाच्या अधिकाऱ्याने विचार करून सही करायची. २०१३ मध्ये माहिती अधिकारात कळलं की एकटं केंद्र सरकार दर महिन्याला सरासरी ७,५०० ते ९,००० असे आदेश काढतं. दिवसाला अडीचशे ते तीनशे, रविवार आणि दिवाळी धरून. एका आदेशावर एकच मिनिट विचार केला तरी चार-पाच तास निव्वळ विचारातच जाणार. एवढा विचार करणारा अधिकारी दुसऱ्या कुठल्याही खात्यात सापडायचा नाही.

महाराष्ट्राने या विषयात स्वतःची भर घातली आहे. जुलै २०२१ मध्ये काँग्रेसचे नाना पटोले यांनी विधानसभेत सांगितलं की २०१६-१७ मध्ये, ते भाजपचे खासदार असताना, त्यांचा फोन ऐकला गेला. कागदोपत्री तो फोन ‘अमजद खान’ नावाच्या अमली पदार्थांच्या तस्कराचा होता. अचलपूरचे बच्चू कडू ‘निजामुद्दीन बाबू शेख’ झाल्याचा आरोप झाला. चौकशी लागली, गुन्हे दाखल झाले, आणि सप्टेंबर २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ते रद्दही केले. त्यामुळे त्यावर अधिक बोलण्यात अर्थ नाही. राहून राहून एक चित्र मात्र डोळ्यांपुढे येतं. कानाला हेडफोन लावून कुणी हवालदार तासन् तास बसला आहे, अमजद खान नावाचा तस्कर अस्सल वैदर्भी बोलीत धानाच्या बोनसची चौकशी करतो आहे, आणि हवालदार वहीत लिहितो आहे : ‘धान – सांकेतिक शब्द?’

नागरिकाला खासगी आयुष्य आहे की नाही, यावर खल करायला देशाला सत्तर वर्षं लागली. उत्तर प्रदेशातल्या खरकसिंग नावाच्या माणसावर दरोड्याचा आरोप होता. पुरावा नाही म्हणून तो सुटला, पण पोलिसांनी त्याचं नाव वहीत ठेवलं. चौकीदार मध्यरात्री येऊन दार ठोठावायचे, हाका मारून उठवायचे आणि तो घरीच झोपला आहे याची खात्री करून घ्यायचे. १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालय म्हणालं की रात्रीचं दार वाजवणं बंद करा. खासगीपणाचा मूलभूत हक्क वगैरे मात्र घटनेत दिसत नाही, असंही म्हणालं. हेच धरून २०१५ मध्ये तेव्हाचे ॲटर्नी जनरल मुकुल रोहतगी यांनी असा हक्क नाही असा युक्तिवाद केला. २०१७ मध्ये तर, माणसाचा स्वतःच्या शरीरावर निरपेक्ष हक्क असतो हे निव्वळ मिथक आहे, इथवर मजल गेली. समोर याचिकाकर्ते होते कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी. २०१२ मध्ये वयाच्या ८६ व्या वर्षी त्यांनी दावा लावला. निवृत्त माणसाने बागेत फिरावं, पेपरातली कोडी सोडवावीत, तर यांनी घटनेतलं कोडं घातलं. २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायाधीशांनी एकमुखाने निकाल दिला की हक्क आहे आणि तो मूलभूत आहे. मुख्य निकालपत्र धनंजय चंद्रचूड यांनी लिहिलं. लिहिता लिहिता त्यांनी आणीबाणीतला १९७६ चा जो निर्णय गंभीर चूक म्हणून मोडीत काढला, त्यावर सही करणाऱ्यांत त्यांचे वडील यशवंतराव चंद्रचूड होते. मुलाने चार लोकांत बापाची चूक काढावी, असं मराठी घराण्यात वारंवार घडत नाही.

हक्क मिळाला आणि अडीच वर्षांत करोना आला. मार्च २०२० मध्ये मुंबईत विमानाने उतरणाऱ्यांच्या डाव्या हातावर गृहविलगीकरणाचे शिक्के बसू लागले. शाई निवडणुकीतली, न जाणारी. लोकशाहीचा हक्क बजावल्याची खूण आणि घराबाहेर पडू नये याची खूण एकाच बाटलीतून. कर्नाटक सरकार त्याच्याही पुढे गेलं. घरात विलग असलेल्याने दर तासाला ॲपवर सेल्फी पाठवायचा, रात्री १० ते सकाळी ७ एवढी सवलत. सेल्फीत घराचं ठिकाणही कळणार. देशातल्या समस्त आयांनी होस्टेलवरच्या पोरांबाबत जे स्वप्न पाहिलं, ते एका खात्याने प्रत्यक्षात आणून दाखवलं. एप्रिलमध्ये आरोग्य सेतू आलं आणि कोट्यवधी फोनांत जाऊन बसलं. एकाने माहिती अधिकारात विचारलं, हे ॲप बनवलं कुणी? ज्या राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राचं नाव ॲपच्या संकेतस्थळावर होतं, त्यानेच कळवलं की ही माहिती आमच्याकडे नाही. ऑक्टोबरमध्ये माहिती आयुक्त चिडले, नोटिसा निघाल्या, मग खुलासे आले. तोवर आपण किती मीटरवर उभे होतो हे ॲपला ठाऊक होतं, आणि ॲप कुठून आलं हे कुणालाच सांगता येत नव्हतं.

खरी गंमत इथेच आहे. बघणाऱ्या डोळ्याची बाहुली बाहेरच्या बाजूला अगदी तेज, आणि आतल्या बाजूला मोतीबिंदू. २६/११ नंतर मुंबईत कॅमेरे लावायचं ठरलं आणि आठ वर्षांनी, २०१६ मध्ये, सुमारे ४,७०० कॅमेरे रस्त्यांवर लागले. ते चालतात. सिग्नल मोडला की चलान मोबाइलवर येतं, नंबरप्लेट स्पष्ट, हेल्मेटविना डोकंही स्पष्ट. डिसेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की पोलीस ठाण्यांतही कॅमेरे लावा. कोठडीत, व्हरांड्यात, साहेबांच्या खोलीत, सगळीकडे, आणि चित्रण दीड वर्ष जपा. सप्टेंबर २०२५ मध्ये त्याच न्यायालयाला वर्तमानपत्रातली बातमी वाचून स्वतःहून दखल घ्यावी लागली. राजस्थानात काही महिन्यांत ११ माणसं पोलीस कोठडीत मेली होती, आणि ठाण्यांत चालू स्थितीतले कॅमेरे नाहीत ही तक्रार होती. चौकातला कॅमेरा पावसात भिजूनही चालतो. छताखालचा, पंख्याजवळचा, मात्र नेमका तेव्हाच बिघडतो.

उलट दिशेने बघायला नागरिकाला एकच खिडकी दिलेली होती, माहितीच्या अधिकाराची. तिच्याशी महाराष्ट्राचं नातं जुनं. अण्णा हजारेंची आंदोलनं, राज्याचा २००२ चा स्वतंत्र कायदा, आणि १२ ऑक्टोबर २००५ रोजी केंद्राचा कायदा लागू झाला तेव्हा देशातला पहिला अर्ज पडला तोही पुण्यातल्या पोलीस ठाण्यात. पुणेकराने पहिल्याच दिवशी जाब विचारला नसता तरच नवल. २०१२ पासून महाराष्ट्रात या अर्जाला १५० शब्दांची मर्यादा आहे आणि विषय एकच चालतो. सरकारने नागरिकाकडे बघायला मर्यादा नाही, नागरिकाने सरकारकडे बघायचं ते १५० शब्दांत, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप चिकटवून.

आता या खिडकीलाही पडदा लागला आहे. न्यायालयाने खासगीपणाचा हक्क मान्य केल्यावर त्याला कायदा हवा होता. तो २०२३ मध्ये झाला, डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षणाचा. त्यात सरकार ज्या यंत्रणांना अधिसूचनेने वगळेल त्यांना तो लागू नाही. ज्यांच्यापासून संरक्षण हवं ते वगळल्यावर कायदा सुटसुटीत होतो, हे मान्यच करायला हवं. त्याच कायद्याच्या कलम ४४(३) ने माहिती अधिकारातही दुरुस्ती केली. पूर्वी एखादी माहिती वैयक्तिक असली, तरी तिचा सार्वजनिक कामाशी संबंध असेल किंवा व्यापक जनहित असेल तर त्या कलमाखाली ती नाकारता येत नसे. जे विधिमंडळाला नाकारता येत नाही ते नागरिकालाही नाकारू नये, असंही तिथे लिहिलेलं होतं. ते सगळं गाळून आता उरलं एवढंच की वैयक्तिक माहिती असेल तर द्यायची नाही. जनहितासाठी दुसरं एक कलम शिल्लक आहे याकडे सरकार बोट दाखवतं, आणि ते शिल्लक आहेही. नोव्हेंबर २०२५ मध्ये नियम आले आणि ही दुरुस्ती अमलात आली.

तेव्हा देशात खासगीपणाचं अखेर रक्षण होऊ लागलं आहे. अभियंत्याची मालमत्ता, बदलीची शिफारस करणाऱ्याचं नाव, गैरहजर डॉक्टरांचं हजेरीपत्रक, कंत्राटदाराचं बिल कुणी मंजूर केलं त्या साहेबांची सही, यातलं काहीही विचारलं तर तीस दिवसांत सुबक उत्तर येऊ शकतं : ‘सदर माहिती वैयक्तिक स्वरूपाची असल्याने देता येत नाही.’ खाली बारीक टाइपात प्रथम अपिलीय अधिकाऱ्याचं पदनाम असतं. अपील तीस दिवसांच्या आत करायचं, वीस रुपयांचा स्टँप लावून.